वनमाला राणी आणि बर्फातली वीज

एका राज्यात हिवाळा मुका असे. राज्य वसले होते उंच डोंगरांच्या कुशीत. मार्गशीर्ष लागला की बर्फ पडू लागे, आणि पडे तो अगदी मुकाट्याने. गडगडाट करावा तो आषाढातल्या ढगांनी, वीज चमकावी ती पावसात. हिमाच्या दिवसांत आभाळ कधी तोंड उघडत नसे.

त्या राज्याचा राजा धैर्यकेतू, राणी वनमाला. दोघेही तरुण, एकमेकांवर जीव टाकणारे. राजा शूर होता, उदार होता. पण जे कुणाकडे नाही ते आपल्याकडे असावे, ही एक हाव त्याच्या मनातून कधी गेली नाही. श्वेतकूट पर्वताच्या माथ्यावर कृष्णदंत नावाच्या जादूगाराची गुहा होती. जादूगार मरून गेला होता. मागे उरली होती त्याची पेटी. ढगांतून चोरलेल्या विजा त्याने गोठवल्या, त्यांचे निळे मणी केले आणि त्या पेटीत भरून ठेवले. मरताना तो शाप देऊन गेला होता : पेटी उघडील तो वीज होऊन बर्फात भटकेल.

"शाप भेकडांसाठी असतात," राजा म्हणाला.

"राज्यात काय उणे आहे, महाराज?" राणीने विचारले.

"उणे काही नाही. पण असे मणी दुसऱ्या कुणाच्या मुकुटात नाहीत."

राणी रुसली. निघताना राजा दारात थांबून म्हणाला, "येतो." अशा वेळी 'या' म्हणावे, ही रीत ती जाणत होती. तरीही मागे न वळता ती म्हणाली, "जा."

राजा गेला तो परतलाच नाही.

पुढच्या हिवाळ्यात पहिला बर्फ पडला आणि राज्याने कधी ऐकले नव्हते ते ऐकले. पांढऱ्या आभाळात ढग गडगडले. पावसाळ्यासारखा खणखणीत आवाज नव्हे. कापसाच्या ढिगाखाली कुणी नगारा बडवावा तसा, दबलेला. निळी वीज लखलखली आणि दिवसाउजेडी सारे रान जांभळे झाले. लोक दारे लावून बसले. राणी मात्र गच्चीवर होती. त्या लखलखाटात तिला राजा दिसला. तटावर उभा, हात पुढे केलेला, ओठ हलत असलेले. उजेड गेला, राजा गेला. मागाहून तो दबका गडगडाट तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी एक पांढरी साळुंकी खिडकीत येऊन बसली. साळुंकी म्हणाली, "राणी, पर्वताची दोन दारे ओलांड, पेटी दरीत रिकामी कर. शाप सुटेल."

"महाराज परत येतील?"

"नाही. देह केव्हाच थंड झाला. राजा सुटेल, एवढेच."

"मग वादळात दिसायचेही थांबेल?"

"थांबेल."

राणीने खिडकी लावून घेतली.

असे तीन हिवाळे गेले. बर्फाचे वादळ आले की राणी गच्चीवर जाई. राजा दिसे, ओठ हलवी, नाहीसा होई. ती डोळे भरून पाही आणि पुढच्या वादळाची वाट पाही. खाली गवताच्या गंजी बर्फातच पेटत, मेंढरे कळपाने मरून पडत. प्रधान सांगे, राणी ऐकून घेई.

तिसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस सोनाई नावाची मेंढपाळीण दरबारात आली. तिच्या हातात एक घोंगडी होती, मधोमध जळालेली.

"राणीसाहेब, माझ्या धन्याच्या अंगावर ही होती," ती म्हणाली. "कोकरू आणायला गेले होते. वीज पडली."

राणीची नजर त्या जळक्या भोकावर खिळली.

"लोक म्हणतात, वीज आली की तुम्ही हसता. खरे का?"

सारा दरबार खाली पाहू लागला. राणी सिंहासनावरून उठली, पायऱ्या उतरली आणि तिने ती घोंगडी हातात घेतली. "ही मला नेऊ दे," एवढेच ती म्हणाली. अंगावर घोंगडी घेऊन ती एकटीच श्वेतकूटाच्या वाटेला लागली. पांढरी साळुंकी पुढे उडत होती.

पहिले दार बर्फाचे होते. "हे डोळ्यांतल्या पाण्यानेच वितळते," साळुंकी म्हणाली. राणी तीन वर्षांत रडली नव्हती. जो वादळातून भेटतो त्याच्यासाठी काय रडायचे? तिने राजाला आठवले, पण डोळे कोरडेच राहिले. तेवढ्यात घोंगडीचा जळका वास तिच्या नाकात गेला. कोकरू शोधायला निघालेला तो माणूस तिच्या डोळ्यांपुढे आला. तिने त्याला कधी पाहिले नव्हते, त्याचे नावही विचारले नव्हते. राणीला हुंदका फुटला. दार वितळले.

दुसऱ्या दारात दगडाचा पहारेकरी होता. "तोंडून गेलेला आणि परत घ्यावासा वाटणारा शब्द दे," तो म्हणाला.

राणीने तो शब्द त्याच्या कानात सांगितला. पहारेकऱ्याने तो गिळला आणि बाजूला सरला. त्या दिवसापासून तो शब्द राणीच्या तोंडून कधी निघाला नाही.

तिसरे काम पेटीचे. गुहेत पेटी उघडीच पडली होती, मणी निखाऱ्यांसारखे धगधगत होते. पेटीशेजारी राजाचा देह बर्फात निजला होता. चेहरा तसाच, तरुण. राणीच्या केसांत तोवर रुपेरी बटा आल्या होत्या. तिने पेटी उचलली आणि कड्यावर आणली. त्याच क्षणी वादळ उठले. बर्फ भिरभिरू लागला, वीज लखलखली आणि राजा तिच्यासमोर उभा राहिला, हाताच्या अंतरावर.

राणीचे हात थिजले. आणखी एकदा पाहू, ती मनाशी म्हणाली. हे शेवटचे.

राजवाड्याच्या गच्चीवर उजेड आधी येई आणि आवाज मागाहून. मधले सारे शब्द बर्फ खाऊन टाकी. इथे मात्र वीज आणि गडगडाट एकदमच आले, आणि त्या गडगडाटात शब्द होते.

"वनमाले, सोड."

राणी ऐकतच राहिली. पुन्हा वीज, पुन्हा राजा. तेच हलणारे ओठ. "सोड, वनमाले. फार भाजते आहे."

"हेच म्हणत होता, महाराज? पहिल्या हिवाळ्यापासून?"

"पहिल्या दिवसापासून," राजा म्हणाला.

राणीने पेटी दरीवर उपडी केली. निळे मणी हवेतच फुटले, त्यांच्या विजा झाल्या आणि डोंगरांवरून दक्षिणेच्या समुद्राकडे गेल्या. तिथून पावसाळ्याचे ढग येतात. वादळ शमले. समोर कुणी नव्हते.

मेंढपाळांनी राजाचा देह खाली आणला. राज्याने त्याला अग्नी दिला. आषाढात विजा पावसाबरोबर आल्या, जिथे चमकावे तिथेच चमकल्या, आणि पाण्याबरोबर निघून गेल्या. कुरणे भरली, कळप वाढले. वनमाला राणीने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, आणि लोक आजही सांगतात, न्यायाने केले.

शाप सुटल्यानंतरच्या पहिल्या मार्गशीर्षात बर्फ पडला तेव्हा राणी डोंगर उतरून सोनाईच्या पालावर गेली. सोनाईने तिला चुलीजवळ बसायला जागा दिली. बाहेर पोरे तोंड वर करून बर्फ झेलत होती.

"तुझ्या धन्याचे नाव काय होते?" राणीने विचारले.

"बिरू." सोनाईने चुलीत काटकी सारली. "त्यांना बर्फ पडताना ऐकायला फार आवडायचे. म्हणायचे, कान दिला की त्यालाही आवाज असतो. बारीक."

ती थांबली, बाहेर कान देऊन.

"आता ऐकू येतो पुन्हा," ती म्हणाली.

राणीनेही ऐकले. सोनाईसमोर मान मात्र तिला वर करता आली नाही.