पुसायची कळ

एका तालुक्याच्या गावी, कचेरीच्या भिंतीला लागून, टायपिंगवाल्यांची एक रांग होती. रांगेत सात टेबलं होती आणि सातव्या टेबलावर कालिंदीबाई ओतारी बसत. लोकांचे अर्ज टाइप करून देणं हा त्यांचा धंदा. ज्या कीबोर्डावर त्या हा धंदा करत, त्याचा आवाज कचेरीच्या आत, थेट मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत जाई.

तो कीबोर्ड फार जुना होता. दूध संघानं भंगार काढलं तेव्हा बाईंनी तो हौसेनं उचलून आणला होता. वजनाला पाट्यासारखा, आणि हळदीचा हात लागल्यासारखा पिवळा पडलेला. कळांवरची अक्षरं झिजून गेली होती, पण बाईंच्या बोटांना ती पाठ होती. त्याची वायर नव्या कॉम्प्युटरला बसेना, म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लावला होता. प्रत्येक कळ ठणकावून वाजे. आपण दाबली आणि तिनं ऐकलं, याबद्दल शंका राहत नसे. बाईंना तो आवाज मनापासून आवडायचा. लांबलचक अर्ज एका दमात लिहून झाला, की त्या कीबोर्डावर हलकेच थाप मारत आणि म्हणत, "शाब्बास!"

त्याला एकच दुखणं होतं. पुसायची कळ अडकायची. एक अक्षर पुसायला ती दाबावी, तर ती खाली जाऊन बसे आणि पुसतच राही. एक अक्षर जायचं तिथं सबंध ओळ जाई. मग बाई अंबाड्यातला आकडा काढत, कळेखाली घालत आणि तिला उचकटून वर आणत. तेवढ्यात दोन ओळी स्वाहा.

म्हणून बाईंनी एक रीत पाडून घेतली होती. माणूस समोर बसला, की त्या हात मांडीवर ठेवत आणि म्हणत, "आधी सगळं सांगा. लिहायचं मी शेवटी बघते." मग तो माणूस बोले. भावकीचं सांगे, म्हशीचं सांगे, मध्येच रडून घेई. बाई ऐकत. गावाचं नाव दोनदा विचारत. सगळं मनात बसलं, की मगच हात कीबोर्डावर जाई आणि अर्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका दमात उतरे. जुन्या अर्जात नावगाव बदलून नवा अर्ज करायचा, ही बाकीच्या सहा टेबलांची युक्ती बाईंना परवडणारीच नव्हती. पुसण्यापेक्षा नवीन लिहिलेलं त्यांना सोपं जाई.

रांगेतले लोक चेष्टा करत. शेजारी स्टँप विकणारे नागनाथ शेटे तर रोज एकदा तरी कानात बोटं घालून दाखवत. "कालिंदीबाई, तुमचा अर्ज हातानं नेऊन द्यायची गरजच नाही. साहेबांना तो आत बसल्या बसल्या ऐकू येतो!"

"मग बरंच की," बाई म्हणत. "तुमच्या अर्जांसारखा टेबलाखाली तर पडून राहत नाही."

बाईंना त्या टेबलावर पंचवीस वर्षं झाली, तेव्हा सगळ्या रांगेनं मिळून त्यांचा सत्कार केला. शाल दिली, पेढे वाटले आणि एक नवा कोरा कीबोर्ड दिला. पापडासारखा पातळ. कळांच्या खाली निळे दिवे. आणि आवाज? काही नाहीच. पुसायची कळ तर इतकी हलकी, की बोट नुसतं टेकवलं तरी चूक गायब.

इतक्या प्रेमानं दिलेली वस्तू नको कशी म्हणायची? बाईंनी जुना कीबोर्ड साडीच्या तुकड्यात गुंडाळून टेबलाखाली ठेवला आणि नवा लावला. पहिले दोन दिवस त्यांना चुकल्यासारखं वाटलं. तिसऱ्या दिवशी गंमत वाटू लागली. आठव्या दिवशी त्या जुन्याच अर्जात नावगाव बदलून नवा अर्ज काढायला शिकल्या. माणूस बोलत असतानाच त्यांची बोटं चालायला लागली. चुकलं तर चुकलं, पुसता येतंय. पूर्वी दिवसाला दहा अर्ज होत, आता पंचवीस होऊ लागले. बाई स्वतःवर खूश होत्या. रांग शांततेवर खूश होती.

मे महिन्यात मोहरवाडीच्या धुरपदाक्का आल्या. डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. तिथली शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर तालुक्याला यायला हवं.

धुरपदाक्का खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि बोलू लागल्या. "बाई, आमच्या सहा पोरी सातवी पास झाल्या. माझी नात केशर त्यात पहिली आली. पर गावाला यष्टी न्हाई. पोरींचे बाप म्हंत्यात, यष्टी आली तर शाळा, न्हाईतर घरी बसा. सोयरिकी बी बघाया लागलेत."

"म्हणजे बस सुरू करण्याबाबत," बाई म्हणाल्या. बोटं निघाली. मागच्या वर्षी खडकओहोळ नावाच्या गावासाठी त्यांनी असाच अर्ज केला होता. तो त्यांनी कॉम्प्युटरवर उघडला.

"आन् औंदा त्या ओढ्यावर..." धुरपदाक्का सांगू लागल्या.

"झालं, झालं, कळलं मला." बाईंनी वरचं खडकओहोळ पुसून मोहरवाडी केलं, सह्यांसाठी जागा सोडली आणि कागद काढून हातात दिला. चहा पिऊन होण्याआधी अर्ज तयार. धुरपदाक्का बघतच राहिल्या. त्यांना अजून बरंच सांगायचं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बस सुरू झाली. खडकओहोळला!

खडकओहोळला एक बस आधीच होती. आता दुसरी आली. न मागता आलेली बस बघून गावकरी चकित झाले. पण दारात आलेल्याला परत कसं पाठवायचं? त्यांनी ड्रायव्हर-कंडक्टरला नारळ दिला, बसच्या काचेला हार घातला, वाजंत्री लावली आणि उगीच दोन चकरा मारून आले.

शुक्रवारी दुपारी धुरपदाक्का रांगेत शिरल्या त्या पदर खोचूनच. सोबत केशर होती. शाळा सोमवारी उघडणार होती.

"बाई, त्या यष्टीवाल्यांवर तक्रार लिवा! आमची गाडी दुसऱ्याच गावाला दिली. सोमवारी गाडी आली न्हाई, तर ह्या पोरींची शाळा संपली. हिचा बाप दारात वाट बघतोय, कवा न्हाई म्हनू म्हनून."

रांगेतले सगळे जमले. "हापिसाचा घोळ," शेटे म्हणाले. "लिहा बाई, चांगला कडक शब्दांत लिहा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. आगारप्रमुखांना दोन शब्द सुनवायला रांग कायम तयार असे.

धुरपदाक्कांनी कनवटीतून आपल्याकडची अर्जाची प्रत काढून दिली. बाईंनी ती उघडली आणि वाचत खाली आल्या. विषयात मोहरवाडी होती. पहिल्या ओळीत मोहरवाडी होती. आणि शेवटच्या ओळीत स्वच्छ लिहिलं होतं: 'तरी खडकओहोळ येथे बस सुरू करावी, ही विनंती.'

बाईंनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

धुरपदाक्कांना वाचता येत नव्हतं. केशर हार घातलेल्या बसची गोष्ट कुणाला तरी सांगत होती. शेटे आणि मंडळी आगाराच्या नावानं बोटं मोडत होती. प्रतीची घडी घालून परत दिली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. कॉम्प्युटरमधला अर्जही तिथल्या तिथे दुरुस्त होत होता. हलक्या कळेवर एक बोट टेकवायचं, बस. आवाजसुद्धा झाला नसता.

बाईंचं बोट त्या कळेपर्यंत गेलं. मग त्यांनी केशरकडे पाहिलं. पोरीनं नव्या दप्तराचे बंद दोन्ही हातांनी घट्ट धरले होते. दप्तर अजून रिकामंच होतं.

बाईंनी हात मांडीवर घेतला. "धुरपदाक्का," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "तक्रार लिहायची तर माझ्या नावानं लिहावी लागेल. चूक आगाराची नाही. माझी आहे. मी जुनाच अर्ज बदलून दिला आणि शेवटची ओळ बदलायची राहिली."

शेट्यांचा वर गेलेला हात तसाच राहिला.

"आता गं बया!" धुरपदाक्कांनी खोचलेला पदर सोडला. त्यांचा राग कुठं ठेवावा हे त्यांना कळेना. मग त्या म्हणाल्या, "मी सांगत हुते, तुमी ऐकलं न्हाई. आता काय करायचं ते करा. पर सोमवारच्या आत करा."

बाई वाकल्या. टेबलाखालून साडीचं गाठोडं काढलं, सोडलं, आणि जुना कीबोर्ड वर ठेवला. टेबल हाललं. नवा काढून हा जोडला. मग हात मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "आधी सगळं सांगा. लिहायचं मी शेवटी बघते."

धुरपदाक्कांनी पहिल्यापासून सांगितलं. सहा पोरींची नावं सांगितली. खडकओहोळहून मोहरवाडी कोसभर पुढं, मध्ये ओढा, हे सांगितलं. "आन् औंदा त्या ओढ्यावर पूल झालाय. उन्हाळ्यातच झाला. विटांचा ट्रक गेला त्याच्यावरनं, मी डोळ्यांनी बघितला."

"पूल झालाय?" बाई ताठ बसल्या.

"मंग! त्येच तर मागच्या वक्ताला सांगत हुते!"

बाईंना क्षणभर धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग त्यांनी पदर सावरला, हात उचलले आणि लिहायला सुरुवात केली. खट, खट, खटाखट! आवाज भिंतीवर आदळून पार कचेरीत गेला. आतला शिपाई दारात येऊन म्हणाला, "बाईंचं परत सुरू झालं वाटतं." रांगेतल्या एकाही माणसानं कानात बोट घातलं नाही. शेटेसुद्धा हात बांधून उभे होते. शेवटची ओळ आली, तेव्हा बाईंनी ती मोठ्यानं वाचत टाइप केली. एकही अक्षर पुसावं लागलं नाही.

तोच कागद घेऊन त्या दोघी आणि केशर आगारात गेल्या. बाईंनी आगारप्रमुखांनाही पहिल्या वाक्यात सांगून टाकलं, की चूक माझी आहे.

साहेबांनी चष्मा वर केला. "बाई, खरं सांगायचं, तर अर्जात मोहरवाडीच असती तरी मी नाहीच म्हटलं असतं. आमच्या नकाशात तिथं ओढ्यावर पूल नाही. बस काय उडत जाणार?"

"आता आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी अर्जातल्या चौथ्या ओळीवर बोट ठेवलं. "विटांचा भरलेला ट्रक गेलाय त्यावरून."

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. लगेच फोन करून पुलाची खात्री करून घेतली. मग ते हसायलाच लागले. "म्हणजे नवी बस नकोच! खडकओहोळची तीच गाडी कोसभर पुढं न्यायची. त्यांची राहील, तुमचीही होईल." आणि ते केशरकडे वळले. "सोमवारी साडेसातला तयार राहायचं. गाडी थांबणार नाही हं!"

"मी सातलाच उभी ऱ्हाते," केशर म्हणाली.

सोमवारी मोहरवाडीची बस ओढ्यापाशी पोचली तेव्हा सगळं गाव पुलावर होतं. काचेवर खडकओहोळचा सुकलेला हार होताच, त्यावर मोहरवाडीचा ताजा हार चढला. धुरपदाक्कांनी ड्रायव्हरला ओवाळलं, कंडक्टरला ओवाळलं, आणि भरात येऊन बसच्या चाकालाही कुंकू लावलं. सहा पोरी खिडक्यांसाठी भांडत चढल्या. केशरचा बाप तिचं दप्तर आत देताना म्हणाला, "पुढल्या बाकावर बस, धक्के कमी लागत्यात."

त्या दिवसापासून जुना कीबोर्ड टेबलावर कायम झाला. नवा बाईंनी शेट्यांना देऊन टाकला. "शांतता तुम्हाला हवी होती, तुम्हीच वापरा," त्या म्हणाल्या. पुसायची कळ दुरुस्त करून देतो म्हणून एक मेकॅनिकही आला होता. बाईंनी त्याला चहा पाजला आणि परत पाठवलं.

शाळा सुटली की केशर बसची वाट बघत सातव्या टेबलापाशी थांबायची. एक दिवस तिनं विचारलं, "बाई, मी एक ओळ लिहू?"

बाईंनी खुर्ची सरकवली. केशरनं बाह्या वर केल्या आणि बोट उचललं.

"थांब," बाई म्हणाल्या. "काय लिहिणार ते आधी मला सगळं सांग."

केशर सांगू लागली. बाई ऐकू लागल्या. शेवटी बस आली आणि ओळ लिहायची राहून गेली, पण दोघींनाही त्याचं काही वाटलं नाही.

तात्पर्य: चूक पुसणं फार सोपं झालं, की माणूस ऐकण्यात आळस करतो. समोरच्याचं म्हणणं आधी पुरतं ऐकावं, मग काम करावं. आणि तरीही चूक झालीच, तर ती गुपचूप न पुसता चारचौघांत आपली म्हणावी.