मेंढवाड्याचे बुटके दार

एका उजाड डोंगराच्या कुशीत एक मेंढवाडा होता. भोवती बाभळीच्या काट्यांचे उंच कुंपण, आणि आत जायला एकच दार, तेही इतके बुटके की मान खाली घातल्याशिवाय मोठ्या मेंढीला आत शिरता येत नसे. लांडग्याला झेप घेऊन आत येता येऊ नये म्हणून मेंढपाळाने ते मुद्दाम तसे ठेवले होते. रोज संध्याकाळी तो दारापाशी बसे, वाकून येणाऱ्या प्रत्येकीच्या मानेवरून हात फिरवी, कुठे काटा रुतला असेल तर काढी, आणि मग तिला आत सोडी.

त्या कळपात एक एडका होता. त्याची शिंगे भक्कम आणि छान वळणदार होती. मुलांनो, खोटे कशाला बोलू, शिंगे खरोखरच देखणी होती. एकदा त्यांच्या जोरावर त्याने एका कोल्ह्याला पळवूनही लावले होते. पण त्या दिवसापासून स्वारीचे पाय जमिनीवर ठरेनात. दारात मान खाली घालणे त्याला बोचू लागले. "या दुबळ्या मेंढ्यांनी वाकावे हे ठीक आहे," तो म्हणे, "पण मीसुद्धा?" एक म्हातारी मेंढी त्याला म्हणाली, "अरे, वाकल्याने तुझी शिंगे काय झिजणार आहेत?" एडक्याने नुसते नाक मुरडले.

या म्हातारीला एक उशिरा झालेले कोकरू होते. त्याच्या डोक्यावर शिंगांचे नुसते कोंब होते, पण एडक्यावर त्याचा भारी जीव. एडका चालेल तसे ते चाले, तो थांबेल तिथे ते थांबे. एका संध्याकाळी मेंढपाळाने हाक मारली, तेव्हा एडका वळलाच नाही. "मी बाहेरच राहणार," म्हणत तो वरच्या खडकाकडे निघाला. कोकरू आईच्या पोटाखालून निसटले आणि धापा टाकत त्याच्यामागे आले. "काका, मी पण नाही वाकणार!" खरे तर त्या दारात कोकराला वाकावे लागतही नसे. एडक्याने एक शब्द टाकला असता तर ते परत गेले असते. पण कोणीतरी आपल्याकडे असे डोळे भरून बघते आहे, हे त्याला फार गोड लागले. "शाबास," तो म्हणाला, "मान ताठ ठेव."

पुरता अंधार पडायच्या आतच लांडगे आले. ते दोन होते. एडक्याने शिंगे रोखून एकाला खडकापासून दूर रेटत नेले आणि मागे वळून पाहिले. कोकरू पळाले नव्हते. काकांनी सांगितल्याप्रमाणे ते मान ताठ ठेवून उभे होते, आणि दुसऱ्या लांडग्याने त्याला त्याच मानेला धरले. मेंढपाळ त्यांना शोधत निघालाच होता. ओरडत, काठी फिरवत तो धावून आला आणि कोकराला त्याने लांडग्याच्या जबड्यातून ओढून काढले. त्याचा स्वतःचा हात कोपरापर्यंत फाटला. लांडगे पळाले, पण कोकरात जीव उरला नव्हता.

कोकराला उचलून मेंढपाळ मेंढवाड्याकडे चालू लागला, मागून एडका. दारापाशी तो गुडघ्यांवर बसला आणि मेलेले कोकरू छातीशी धरून, डोके पार खाली घालून आत सरकला. रोज सगळ्यांच्या शेवटी तोच आत जाई, आणि तोवर एडका आत दाराकडे पाठ करून बसलेला असे, त्यामुळे त्याने हे कधी पाहिलेच नव्हते. ज्याचा वाडा, ज्याचा कळप, तो धनी स्वतः वाकत होता! मग आतून तो रक्ताळलेला हात बाहेर आला. "ये," मेंढपाळ एवढेच म्हणाला. एडका गुडघे टेकून आत गेला. म्हातारी मेंढी पुढे आली. ती कोकराचे अंग चाटत राहिली.

पुढे एडका सर्वांआधी मान झुकवू लागला. पाहता पाहता कळपात त्याचे कौतुक सुरू झाले. "किती नम्र हो आपला एडका!" एक तरुण मेंढी म्हणाली. एडक्याला बरे वाटले. त्या संध्याकाळी तो दारात जरा जास्तच वेळ वाकून राहिला, सर्वांना नीट दिसावे म्हणून. म्हातारी मेंढी त्याच्या अगदी मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, "कोणाला दाखवतो आहेस? माझे कोकरूही तुझ्याकडेच बघत होते."  मान वर न करता एडका आत गेला आणि मेंढपाळाच्या पायांपाशी जाऊन पडून राहिला.

तात्पर्य : आपला मेंढपाळ प्रभू येशू स्वतः लीन होऊन आपल्यासाठी आला, तेव्हा त्याच्या दारात ताठ मानेला वाट नाही. गर्व एकदा मोडला म्हणून संपत नाही, तो नम्रतेच्या कौतुकातूनही परत येतो. म्हणून रोज नव्याने वाकावे, कारण आपल्या ताठ्याची किंमत पुष्कळदा आपल्याकडे बघून चालणाऱ्या लहानग्यांना मोजावी लागते.