दारातला तेरडा

कोकणातल्या एका गावात एक बाई राहायची, आणि ती कायम दमलेली असायची. तिला दमवणारं निम्मं काम तिने आपणहून ओढवून घेतलं होतं. आपलं परसदार गावात सगळ्यांत स्वच्छ असावं, हा तिचा हट्ट. आपोआप काही उगवलं की उपट. अळी दिसली की फवारा मार. शोभेला तिने शहरातून झाडं आणून लावली होती, पण मधमाश्या त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत.

त्या वर्षी तिची लेक दिवाळीला बाळंतपणासाठी माहेरी यायची होती. "आई, आपल्या वेलीच्या भोपळ्याचे घारगे करशील ना?" एवढं एकच तिने मागितलं होतं. वेल परसभर पसरली, पिवळीधमक फुलंही आली. पण इवलाले भोपळे धरायचे आणि गळून पडायचे. मधमाश्याच फिरकत नव्हत्या. मग बाई रोज पहाटे नरफुलं तोडून मादीफुलांना लावत बसायची. कंबर धरून उठायची, आणि पुन्हा उपटायला लागायची.

"दम घे गो जरा," शेजारची काकी कुंपणावरून म्हणायची.

"दम कुठला घेऊ, काकी? मी थांबले तर इथे रान माजेल."

श्रावणात कंबरेने दगा दिला. बाई अंथरुणाला खिळली आणि रान खरंच माजलं.

गौरी येण्याच्या आदल्या दिवशी ती भिंत धरत धरत मागच्या दारी आली. पाहते तर गुलाबी तेरडा कंबरेएवढा वाढलेला. तिला रडूच आलं. तशीच वाकून तिने पहिलं रोप धरलं.

"अगो, काय करतेस?" काकी ओरडली. "उद्या गौर म्हणून डोंगरावरच्या कातळावरून हाच तेरडा आणणार ना? मग दारात आलेली गौर उपटून टाकतेस होय?"

बाईचा हात थांबला. खरंच की! पावसाळाभर तेरडा उपटून फेकायचा, आणि भाद्रपदात तोच आणायला डोंगर चढायचा.

"राहू दे," ती म्हणाली. "फार दमले मी, काकी."

गौरीपुरती रोपं घेऊन बाकीचं रान तिने तसंच ठेवलं. फवाराही माळ्यावर गेला. हळूहळू तेरड्यावर माश्या आल्या, आणि तेरड्यावरून भोपळ्याच्या फुलांत शिरल्या.

दिवाळीला घारगे झाले. बाईने आपलंही ताट वाढून घेतलं. लेक तिच्याकडे बघतच राहिली.

"आई," ती म्हणाली, "किती वर्षांनी माझ्याबरोबर जेवायला बसलीस गं!"

तात्पर्य: ज्यांना आपण दारातून हाकलून देतो, त्यांचं काम शेवटी आपल्याच कंबरेवर येऊन पडतं.