नावांची वाट

एका टेकडीवर एक राजवाडा होता. राजेराण्या केव्हाच गेल्या, पण त्यांची बाग काही जायला तयार नव्हती. रोज सकाळी ती आपली फुलायचीच! पिवळी शेवंती, लालचुटूक कर्दळ, गुलाबी कण्हेर, आणि कारंज्याच्या कडेनं निळ्या गोकर्णीची इवली इवली फुलं. या सगळ्यांमधून एक दगडी पायवाट वळणं घेत जायची. तिला म्हणायचे नावांची वाट.

गावासाठी ज्यानं काही चांगलं केलं, त्याच्या माघारी त्याच्या नावाचा दगड या वाटेवर बसवायचा आणि शेजारी एक फुलझाड लावायचं, अशी तिथली जुनी रीत. नावावर पाय द्यायचा नाही. कडेनं जायचं, नाव मोठ्यानं घ्यायचं, मगच पुढं सरकायचं. ज्याला घाई असेल त्यानं त्या वाटेला जाऊच नये.

बागेच्या कोपऱ्यातल्या झोपडीत एक माळीणबाई आणि तिची एकुलती एक लेक राहायची. आई वाट झाडायची, लेक चिमुकल्या झारीनं झाडांना पाणी घालायची. घरात दुसरं कुणीच नव्हतं. पण आता आई तापानं फणफणली होती. वैद्यबुवा काढा देऊन गेले, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "उद्यापर्यंत ताप उतरला तर बरं, बाळ." पुढचं ते बोलले नाहीत. मुलांना न बोललेलंही ऐकू येतं, हे मोठ्यांना कधी कळणार कोण जाणे!

पहाटे आई तापातच पुटपुटली, "झाडं तहानली असतील गं..." लेकीनं तिच्या कपाळावरची पट्टी बदलली, डोळे पुसले आणि झारी उचलली. गवतावर दवाचे मणी लुकलुकत होते. एकेक नाव घेत, एकेका झाडाला पाणी घालत ती प्राजक्तापाशी आली, आणि तिनं झारी कलती करताच कुणीतरी शिंकलं.

"आक्छीं! अगं, केवढं गार पाणी!"

फुलांच्या सड्यात एक परी बसली होती. बोटाएवढी! झगा प्राजक्तासारखा पांढरा, पंख त्याच्या देठासारखे केशरी, आणि नखशिखांत ओलीचिंब.

"चुकलं हं माझं," मुलगी म्हणाली. तिनं परकराच्या टोकानं तिचे पंखुले अलगद टिपले आणि तळहाताच्या उबेत तिला धरलं. धरता धरता तिलाच रडू फुटलं. मग सगळं सांगून झालं.

"मी या वाटेची परी," परी हळूच म्हणाली. "मी तुझी एक इच्छा पुरी करीन. पण नियम आहे, राणी. माझी सगळी जादू या नावांत. इच्छा हवी तर एक नाव द्यावं लागतं. ते दगडावरून पुसलं जातं आणि लोकांच्या तोंडूनही जातं. पुन्हा कुणालाच आठवत नाही. ऊन कारंज्यावर यायच्या आत सांग."

मुलगी वाटेनं निघाली. पहिला दगड सगुणा सुईणीचा. "हिच्या हातून सगळं गाव जन्मलं. हिचं कसं देऊ?" दुसरा भिवराबाईचा. "हिनं भर उन्हात वाटसरूंना पाणी पाजलं. हिचंही नको." पुढचा दगड होता कोंडाजीचा. त्यानं काय केलं होतं, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं.

परी म्हणाली, "हे देतेस? याची आठवण काढत कुणी येत नाही."

"म्हणून तर नको," मुलगी म्हणाली. "त्याच्याजवळ तेवढंच उरलंय."

ऊन कर्दळीवर आलं. ऊन गोकर्णीवर आलं. तिकडे झोपडीत आई होती, आणि इकडे एकही नाव देववत नव्हतं.

"माझं घे!" ती एकदम म्हणाली. "ते दगडावर नाही, पण नावच आहे ना?"

परीचे डोळे पाण्यानं चमकले. "मग तुला कुणीच त्या नावानं हाक मारणार नाही. तुझी आईसुद्धा नाही."

"आई उठू दे. हाक नसली तरी चालेल."

तिनं आपलं नाव सांगितलं. काय सांगितलं ते आता मलाही आठवत नाही. तिच्या ओठांवरून सोनेरी धूळ उडाली, परीच्या पंखांवर बसली, आणि नाव गेलं.

मुलगी धावत झोपडीत आली. आई उठून बसली होती! कपाळ गार, डोळे टवटवीत. लेकीला बघून तिनं हाक मारायला तोंड उघडलं, आणि ती थबकली. नाव येईना. पुन्हा तोंड उघडलं. येईना. लेक दारातच उभी राहिली. तिला वाटलं, आता आई मला ओळखणारच नाही.

"अगं, असं काय करतेय मी? तापानं डोकं रिकामं केलं बाई!" आई हसली आणि तिनं हात पसरले. "ये गं माझे चिमणे! माझे साखरे! माझ्या लोण्याच्या गोळ्या, माझे ठमाबाई, माझ्या सोनपिल्ला, ये!"

लेक कुशीत शिरली आणि पोटभर रडली.

खिडकीत परी उभी होती. "नियम म्हणजे नियम, घेतलेलं नाव मला परत देता येत नाही," ती म्हणाली. "पण मी एकच घेतलं, आणि तुझ्या आईनं बघ किती दिली!" तिचे पंख उजळले. केशरी, गुलाबी, सोनेरी असा झगमग उजेड झोपडीभर पसरला, आणि त्या उजेडातच परी विरघळून गेली.

आईला घेऊन मुलगी बाहेर आली, तर वाटेवर कोंडाजीच्या शेजारी एक नवा पांढराशुभ्र दगड बसलेला. जिवंत माणसाचा असा तो पहिलाच. त्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. पण रीत मोडायची कशी? गावकरी तिथं थांबतात आणि आपापल्या पोराचं लाडाचं नाव घेतात.

तुम्ही कधी त्या बागेत गेलात, तर कडेनं चाला. त्या पांढऱ्या दगडापाशी थांबा आणि घरी तुम्हाला लाडानं जे म्हणतात ना, ते हळूच म्हणा. झाडामागून कुणीतरी झारी खाली ठेवतं आणि "ओ!" म्हणतं.