आडोशाची लांब शपथ

बातमी आली तो गुरुवार अगदी साधा होता. चौथीची मुलं पाढे म्हणत होती, मी चाचणीचे पेपर तपासत होते, आणि ग्रामपंचायतीचा शिपाई पत्र घेऊन शाळेच्या दारात उभा राहिला. जागतिक पर्वत दिनाचा कार्यक्रम यंदा आमच्या आडोशाच्या पायथ्याशी होणार होता. का, ते दुसऱ्या पानावर होतं. आडोशाच्या माथ्यावर ‘शाश्वत पर्यटन विकास’ मंजूर झाला होता. वाहनतळ, विश्रामगृह, काचेचा सज्जा. काम संक्रांतीनंतर सुरू. ते पान मी दोनदा वाचलं. खोदणे, फोडणे, कापणे, यातला एकही शब्द त्यात नव्हता. सपाटीकरण होतं, सुशोभीकरण होतं. संवर्धनसुद्धा होतं.

आडोसा हा आमचा डोंगर. पश्चिमेचा वारा आणि पाऊस तो अंगावर घेतो, म्हणून हे नाव. त्याच्या उजव्या खांद्यावर मोठी खांड आहे, भाकरीचा घास तोडावा तशी. खांडीच्या सरळ खाली, पायथ्याशी झरा, आणि झऱ्याशेजारी दगडी चौथरा. या झऱ्याचं पाणी चौदा वाड्या पितात. डोंगरावर ज्याला काही करायचं असेल, मग ते सरपण आणणं असो की गुरं चारणं, त्याने आधी या चौथऱ्यावर उभं राहून शपथ घ्यायची. ही शपथ एका वाक्यात संपत नाही. ती म्हणायला पाव तास लागतो. पंचक्रोशीत आमच्या गावाची त्यावरून थट्टा होते.

कार्यक्रमाच्या दिवशी कॉलेजच्या मुलांची एक बस आली आणि प्रकल्पाचे साहेब आले. साहेबांनी भाषण केलं. जगातल्या निम्म्या माणसांना गोडं पाणी डोंगरांकडून मिळतं, असं ते म्हणाले. ते खरंच आहे. मग लुमाजी तात्यांना माइक दिला. तात्या पाथरवटांच्या घरातले, ऐंशी ओलांडलेले. चौथऱ्याची गोष्ट सांगायचा मान त्यांचा.

“निम्म्या जगाचं मला ठावं न्हाई,” तात्या म्हणाले. “चौदा वाड्यांचं सांगतो.”

तात्यांनी सांगितली ती गोष्ट अशी.

फार पूर्वी खोऱ्यात राजबा नावाचा सरदार होता. त्याला नवी गढी बांधायची होती आणि आडोशाचा काळा दगड त्याच्या मनात भरला. गावच्या पाथरवटांनी डोंगराच्या खांद्यावर काम सुरू केलं. पहिल्याच उन्हाळ्यात झरा करंगळीएवढा झाला. तेव्हा पाथरवटांचा म्होरक्या धर्माजी गढीवर गेला, दगड फोडायची आपली टाकी, म्हणजे छिन्नी, सरदाराच्या पायाशी ठेवली आणि म्हणाला, “पाणी जातंय. आता मी दगड काढणार नाही.” त्याच्यामागून बाकीच्यांनीही आपापल्या टाक्या ठेवल्या. त्या लोखंडाचा ढीग गुडघ्याएवढा झाला होता, असे सांगतात.

सरदार नरमला, निदान तसं दिसलं. शपथ घेतो म्हणाला. शपथेचे शब्द काय असावेत, ते त्याने धर्माजीलाच विचारलं. धर्माजीने सांगितलं, “या डोंगराला यापुढे टाकी लागणार नाही, एवढं म्हणा.” सरदाराने बेलभंडारा उचलला आणि तेवढंच म्हटलं.

इथे तात्या थांबले. “चूक आमचीच,” ते म्हणाले. “आमच्या बापजाद्यांना टाकीबिगर दगूड फुटतो हेच ठावं नव्हतं. टाकी लागली म्हंजी दगूड गेला, न्हाई लागली म्हंजी ऱ्हायला. दुसरा सबुदच नव्हता आमच्याकडं.”

सरदाराकडे होता. त्याने किल्ल्यावरून तोफेची दारू आणवली. धर्माजी त्या सकाळी झरा पाहायला गेला होता. शपथ झाली होती, त्यामुळे तो निर्धास्त होता. खांद्याला सुरुंग लागला आणि घाट हादरला म्हणे. तिथे खांड पडली आणि धर्माजी त्या दगडांखाली गेला. त्याचा देह मिळाला नाही. गाव गढीवर धावून गेलं तेव्हा सरदार सज्जात पान खात होता. “मी शपथ मोडली नाही,” तो म्हणाला. “कुठे टाकी लागली असेल तर दाखवा.”

धर्माजीची बायको येसू गढीवर गेली नाही. ती सुरुंगाने कोरड्या पडलेल्या झऱ्यापाशी जाऊन बसली. तिने शाप दिला असं कुणी म्हणतात, पण तात्यांना ते पटत नाही. ती काहीच बोलली नाही, नुसती बसली. त्या दिवसापासून गढीच्या विहिरीत पोहरा सोडला की दगडाची भुकटी भरून वर येई. घोडे रिकामी कुंडी चाटू लागले. महिना झाला तसा सरदार पायी झऱ्यापाशी उतरला आणि येसूला म्हणाला, “काय म्हणायचं ते सांग.”

“तुम्हीच म्हणा,” येसू म्हणाली. “ज्या ज्या वाटेनं जाल ती ती वाट म्हणा.”

“टाकीने नाही,” सरदार म्हणाला. खडकातून एक थेंब पडला.

“दारूने नाही.” दुसरा थेंब पडला.

कॉलेजची मुलं इथे हसली. “ती दारू न्हवं रं,” तात्या म्हणाले. “तीबी वर नेऊ नका म्हणा.”

सरदाराला वाटलं, झालं. थेंब थांबले. येसू त्याच्याकडे बघत राहिली. “माझ्या हाताने नाही,” तो म्हणाला. “माझ्या माणसांच्या हाताने नाही.” पुन्हा थेंब. “रात्री नाही. गढीसाठी नाही.” मग तो उठू लागला. तेव्हा येसूने विचारलं, “आणि देवळासाठी?” सरदाराची मान खाली गेली. देऊळ बांधतो म्हटलं तर गाव अडवणार नाही, हे त्याच्या मनात आलेलं होतं. “देवाच्या नावाने नाही,” तो म्हणाला, आणि खडकातून धार लागली. सूर्य मावळेपर्यंत तो म्हणत होता, असे सांगतात.

येसूने गावाला दोन गोष्टी बजावल्या. माणूस नवी वाट काढील, तेव्हा शपथेत नवं वाक्य घाला. आणि ज्याचं माणूस डोंगराखाली गेलं असेल त्यानेच ते घालायचं. चौथऱ्यावर हात ठेवून आधी गेलेल्याचं नाव घ्यायचं, मग वाक्य म्हणायचं. इतरांच्या तोंडी ते हलकं होईल, असं ती म्हणाली म्हणे.

तशी वाक्यं वाढत गेली. कोळशासाठी उतारावरची झाडं तोडली आणि पुढच्या पावसात एक घर गाडलं गेलं, तेव्हा त्या घरातल्या विधवेने ‘कुऱ्हाडीने नाही’ हे घातलं. ‘यंत्राने नाही’ हे वाक्य खुद्द तात्यांचं. चाळीस वर्षांपूर्वी पायथ्याच्या खडी यंत्राजवळ त्यांचा धाकटा भाऊ दरडीखाली गेला. ते वाक्य आलं की तात्या जरा थांबतात आणि मग पुढे जातात. शेवटी सगळ्या वाक्यांना बांधणारे शब्द येतात: ‘हा डोंगर फोडणार नाही.’

गोष्ट संपल्यावर तात्यांनी माइक साहेबांकडे वळवला. “साहेब, तुम्हाला वर काम हाय. मग रीत पाळा.”

साहेब हसले. “अहो आनंदाने!” म्हणाले आणि बूट काढून चौथऱ्यावर चढले. तात्या सांगत गेले, साहेब म्हणत गेले. टाकीने नाही. दारूने नाही. देवाच्या नावाने नाही. कुऱ्हाडीने नाही. यंत्राने नाही. हा डोंगर फोडणार नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या, दोघांनी चित्रफीत काढली.

“मग माथा सपाट कसा करनार?” तात्यांनी विचारलं.

“ते सपाटीकरण आहे, आजोबा. फोडणं वेगळं. आपली योजना शाश्वत आहे.”

“शाश्वत म्हंजी?”

“म्हणजे कायम टिकणारी.”

“डोंगूर टिकतोच की. त्यात तुमचं काय काम?”

साहेब पुन्हा हसले आणि घड्याळाकडे बघू लागले. ते खोटं बोलत नव्हते. मला संताप आला तो त्याचाच. त्यांच्या कागदात फोडणं हा शब्दच नाही, तेव्हा त्यांनी शपथ अगदी स्वच्छ मनाने घेतली. राजबाला निदान आपण फसवतोय हे ठाऊक होतं. मान खाली घालावी एवढं तरी त्याला उरलं होतं. पर्वतांनी जगाला काय काय दिलं याची यादी वाचून त्याच दुपारी एका पर्वताचं डोकं उतरवायला निघालेल्या माणसाला काय म्हणावं, ते मला पंचवीस वर्षं मराठी शिकवून सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी घाटरस्त्याचं रुंदीकरण झालं. तोही असाच शब्द. आडोशाचा पाय सरळ उभा कापला आणि आषाढात तो उतार रस्त्यावर आला. माझा धाकटा भाऊ मोरेश्वर मोटरसायकलवरून तालुक्याला निघाला होता. पंचनाम्यात ‘नैसर्गिक आपत्ती’ लिहिलं आहे. रुंदीकरण हा शब्द पंचनाम्यात कुठेही नाही.

बस गेली, साहेबांची गाडी गेली. तात्या काठी टेकत माझ्याजवळ आले.

“बाई, वाक्य कोंचं ते कळलं न्हवं?”

“कळलं, तात्या. दुसऱ्या नावाने नाही.”

“हां. समद्या गावाला ठावं झालंय ते. पर म्हणायचं कुणी, तेबी ठावं हाय.”

तात्यांनी घाई केली नाही. “माझं वाक्य म्हणायला मला तीन वर्सं लागली,” एवढंच म्हणाले. मग काठीने माथ्याकडे दाखवलं. “पर तवा मशीन खाली व्हतं.”

आजही आडोशाचा झरा वाहतो, आणि सरपणाला जाणारी बाई डोक्यावरची चुंबळ उतरवून आधी पाव तास शपथ म्हणते. माथ्यावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारून झाल्या आहेत, त्या शाळेच्या व्हरांड्यातून दिसतात. संक्रांतीला नऊ दिवस उरले आहेत. शाळा सुटल्यावर मी दोनदा चौथऱ्यापर्यंत जाऊन आले, दगडावर हातही ठेवला. मोरेश्वरचं नाव मी अजून घेतलेलं नाही.