घोंगड्यांचा खडक

करंबळीच्या खाडीत, मधल्या पात्रात, तो काळा खडक दिसतो ना? ओहोटीला वर येतो, भरतीला बुडतो. त्याला घोंगड्यांचा खडक म्हणतात. बसा, सांगतो.

सुकी मासळी विकायला मी चाळीस वर्षं घाट चढून माणदेशात जातोय. तिथली नदी म्हणजे नुसती पांढरी वाळू. तिच्यातून बैलगाड्या जातात, बाया झरे खणून वाटीवाटीनं घागर भरतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा मी काठावरच थबकलो आणि पाणी कधी चढतं म्हणून विचारलं. सगळे हसले. "शेट, पाणी आलंच तर साखर वाटू!" आमच्याकडे ते दिवसातून दोनदा येतं, न बोलावता.

म्हाळू घोंगडीवाल्याला हे ठाऊक नव्हतं. फार पूर्वी तो माणदेशातून इथे उतरला, असं सांगतात. डोक्यावर घोंगड्यांचा भारा, बायकोचं वर्षाचं विणकाम. खाडी रिकामी होती आणि लोकांना पैलतीरी नेणाऱ्या सोनू तारीची होडी काठाच्या चिखलात रुतलेली.

"वायच थांब, पावण्या. भरती लागांदे," सोनू म्हणाला.

"कोरड्या नदीला होडी? आमच्याकडं असल्या नदीतनं गाड्या जात्यात. पाण्याबिगर नावाडी आजच बघितला बाबा!"

सोनूला ते झोंबलं. "मगे जा चलत!"

घोट्याएवढा रुतला की परत येईल, मग आपण हसू, एवढंच त्याच्या मनात होतं म्हणे. पण वाळू तुडवलेला माणूस तो. पुढे घट्ट लागेल म्हणून चालत राहिला. मधल्या पात्रात मांडीपर्यंत रुतला, आणि पाणी फिरलं, भरती लागली.

सोनू ओरडला, "भारो टाक! माघारी ये!"

म्हाळूनं भारा आणखी वर धरला. घोंगड्या भिजू नयेत म्हणून.

सोनूनं होडीला खांदा लावला. होडी हलेना. ती तरंगण्याइतकं पाणी काठाशी आलं, तोवर पात्रात नुसता भारा दिसत होता. मग तोही दिसेना. पुढच्या ओहोटीला त्या जागी हा खडक होता, असं म्हणतात.

आता पूल झालाय, तारींची होडी कधीच मोडीत गेली. पण आजही दिवसाची भरती लागली की त्यांच्या घरातलं कुणीतरी काठावर येतं. घरात लग्न असो नाहीतर मयत. समोर चिटपाखरू नसतं, तरी हाक देतं, "पावण्या, माघारी ये!" आणि खडक बुडेपर्यंत जागचं हलत नाही.