भुरकीचा राहिलेला अभ्यास

फार जुन्या काळी, डोंगरकड्यावर राहणाऱ्या वानरांच्या टोळीत भुरकी नावाची तरुण वानरी होती. म्हाताऱ्या काजळीकडे ती झाडपाल्याची औषधं शिकत होती. दिवसभर काजळीमागे रान तुडवावं लागे, त्यामुळे फळं शोधायला तिला सवड मिळत नसे. म्हणून टोळी आपल्या फळांतला एक वाटा तिला देई.

एका साली उंबरं कमी लागली. टोळीचा म्होरक्या म्हणाला, “काटकसर करायला हवी. भुरकीचा वाटा यंदा बंद.”

“माझं थोडंच शिकायचं राहिलंय, दादा,” भुरकी म्हणाली.

“शिकणं कुठं पळून जातंय? पुढच्या साली बघू.”

पोटासाठी भुरकी इतरांबरोबर फळं शोधू लागली. काजळी सकाळी तिची वाट बघत बसलेली दिसे, तेव्हा ती नजर चुकवून पुढे जाई. त्याच उन्हाळ्यात काजळी गेली.

पुढच्या साली उंबर लगडले. म्होरक्याने भुरकीचा वाटा पुन्हा सुरू केला, वर थोडा वाढवलाही. पण शिकवणारं कोणी उरलं नव्हतं.

पावसाळ्यात एक वानरी तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन भुरकीकडे धावत आली. भुरकीने नेमका पाला खुडून आणला आणि तो मुठीत धरून नुसती बसून राहिली.

“दे ना गं लवकर,” आई काकुळतीने म्हणाली.

“पाला हाच आहे, ताई. पण कमी पडला तर गुण येत नाही, जास्त झाला तर विष होतं. किती द्यायचा, ते काजळीआजी गेल्या साली शिकवणार होती.”